रिपोर्ट नॉर्मल होते, मग अटॅक कसा आला?

माझ्या काकांची फाईल अजून माझ्या फोनमध्ये आहे. चौदा पानांची पीडीएफ. तासगावहून सांगलीला जाऊन त्यांनी 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज केलं होतं, कारण मी आणि माझा चुलतभाऊ दोन वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, टू-डी इको, टीएमटी. शेवटच्या पानावर निष्कर्ष : तपासण्या समाधानकारक. काकांनी फाईल व्हॉट्सॲपवर टाकली. मी लीड्सच्या बसमध्ये बसून ती दोन मिनिटांत चाळली आणि खाली लिहिलं, 'मस्त काका! सगळं नॉर्मल.'

त्यानंतर तेविसाव्या दिवशी त्यांना हार्ट अटॅक आला.

काका वाचले, आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल. पण पॉडकास्टच्या हृदयावरच्या भागानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता : महिन्याभरापूर्वी सगळं नॉर्मल होतं, मग हे झालं कसं? लॅबने फसवलं का? पॅकेजमध्ये कुठली तपासणी राहिली? पुढच्या सुट्टीत आईबाबांची आणखी मोठी तपासणी करून घेऊ का?

मी डॉक्टर आहे, पण 'तो' डॉक्टर नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर. रक्तप्रवाहाचा धमनीच्या भिंतीवर पडणारा ताण, या विषयावर नेदरलँड्समध्ये पीएचडी केली आणि आता इथे पोस्टडॉक करते. आमच्या घरच्यांच्या लेखी याचा अर्थ 'आपली पोरगी हार्टची डॉक्टर' असा होतो, आणि तो गैरसमज मी पुरेशा जोरात खोडला नाही ही माझी चूक. तर पुढचं सगळं समजून घेण्यासाठी आहे. औषध घ्यायचं की बंद करायचं हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

कुठली तपासणी काय बघते

ईसीजी म्हणजे हृदयाच्या विजेची नोंद, आणि तीही साधारण दहा सेकंदांची. विलेम आइन्थोव्हेन यांनी लायडनमध्ये हे यंत्र बनवलं तेव्हा माणसाला हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसावं लागायचं. त्यांना १९२४चं नोबेल मिळालं. बादल्यांच्या जागी चिकटपट्ट्या आल्या, पण मूळ गोष्ट बदलली नाही : त्या दहा सेकंदांत वीज कशी वाहत होती, एवढंच तो सांगतो. अटॅक चालू असताना ईसीजी अमूल्य असतो. जुना अटॅक, ठोक्यातली गडबड, जाड झालेला स्नायू यांच्या खुणाही त्यात दिसू शकतात. पण आरामात पडलेल्या माणसाच्या धमनीत चरबीचा थर साचतोय का, हे ईसीजीला दिसत नाही.

टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झडपा नीट उघडतात का, स्नायू सगळीकडून सारखा आकुंचन पावतो का, 'पंपिंग' किती. या पंपिंगच्या आकड्याने घरोघरी घबराट होते. काकांच्या इकोत ६० टक्के लिहिलं होतं आणि काकूंनी विचारलं, 'म्हणजे चाळीस टक्के गेलं का गं?' नाही. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. निरोगी हृदयही सगळं रक्त फेकत नाही. साधारण ५५ ते ७० म्हणजे छानच. पण इको हृदयाचा स्नायू बघतो, त्याला रक्त पुरवणाऱ्या दोन-तीन मिलिमीटरच्या कोरोनरी धमन्यांच्या आतलं त्यात दिसत नाही.

मग टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट. सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांची पद्धत आजही सर्रास वापरतात : सुरुवात ताशी १.७ मैल आणि १० टक्के चढ, मग दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. स्नायूला जास्त रक्त लागलं आणि धमनी अरुंद असल्यामुळे ते पोचलं नाही, तर ईसीजीत बदल दिसतो. इथे 'अरुंद' हा शब्द महत्त्वाचा आहे. धमनी साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद झाली की रक्त कमी पडायला लागतं. धमनी ३० किंवा ४० टक्केच भरलेली असेल, तर माणूस चढ आरामात चढतो आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो. तो रिपोर्ट खोटा नसतो. आपण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

आता माझ्या कामाच्या विषयावर येते, म्हणून जरा थांबू. आपल्या डोक्यात ब्लॉकेज म्हणजे नळात साचत जाणारा क्षार : ५० टक्के, ७०, ९०, आणि १०० झाले की अटॅक. काही वेळा तसं होतंही. पण १९८०च्या दशकात संशोधकांनी अटॅक आलेल्या रुग्णांच्या आधीच्या अँजिओग्राफी काढून बघितल्या, तेव्हा पुढे जिथे धमनी बंद पडली ती जागा पुष्कळदा निम्मीही भरलेली नव्हती. कारण हा थर धमनीच्या पोकळीत साचत नाही, भिंतीच्या आत साचतो. कातडीखाली पिकलेल्या फोडासारखा. आत मऊ चरबी आणि दाह झालेल्या पेशी, वर एक आवरण. आवरण जाड असेल तर तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. पातळ असेल तर एक दिवस फाटतं, आतला माल रक्ताला लागतो, आणि रक्ताला वाटतं जखम झाली. मग जखमेवर जे व्हायला पाहिजे तेच होतं : रक्ताची गुठळी. ती काही मिनिटांत धमनी बंद करते. सकाळी ३५ टक्के, दुपारी १००.

आवरण कधी फाटेल हे मोजता येतं का? माझं अर्धं पोट याच प्रश्नावर चालतं, आणि एका माणसासाठी तारीख-वार सांगता येईल असं आज तरी काही नाही. पण कोणाच्या भिंतीत असे फोड व्हायची शक्यता जास्त, हे बऱ्यापैकी सांगता येतं, आणि त्याची साधनं अगदी साधी आहेत.

फाईलमध्ये जे लिहिलं होतं

अटॅकनंतर मी ती चौदा पानं परत उघडली. पान ३ : एलडीएल कोलेस्टेरॉल १३८. पान ४ : एचबीए१सी ६.३, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पहिल्या पानावर कोपऱ्यात, वजन-उंचीच्या शेजारी : रक्तदाब १४८/९२. त्याच्यासमोर कोणीही खूण केलेली नव्हती. तंबाखूचा रकाना 'धूम्रपान नाही' असा भरला होता, आणि ते खरंच होतं. काका सिगारेट ओढत नाहीत, गेली तीस वर्षं तंबाखू-चुना मळतात. आणि आमचे आजोबा चोपन्नाव्या वर्षी शेतातून आल्यावर 'अचानक गेले', हे तर फॉर्मने विचारलंच नव्हतं.

म्हणजे ज्या तपासण्यांचे पैसे जास्त त्या नॉर्मल होत्या, आणि खरी बातमी पन्नास रुपयांच्या आकड्यांत होती. लॅबने काही लपवलं नव्हतं. प्रत्येक आकडा सुटा बघितला तर 'थोडासा वर' एवढाच होता. ते सगळे एकत्र मांडायचं काम कोणी केलं नाही, मीसुद्धा नाही.

५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासाने २००४ मध्ये दाखवलं की पहिल्या अटॅकच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग नऊ मोजता येण्याजोग्या गोष्टींनी समजावता येतो : तंबाखू, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं गणित, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या, व्यायाम, दारू. त्याच अभ्यासात चघळण्याच्या तंबाखूनेही धोका साधारण दुप्पट झालेला दिसला. मिश्री लावणाऱ्या आपल्या आज्या-मावश्यांनी हे वाक्य जरूर वाचावं. आणि दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला, इतरांना ५८.८व्या. जवळजवळ सहा वर्षं आधी. हे गूढ जनुकांमुळे आहे असं वाटत असेल तर जरा थांबा : आपल्या लोकांत तेच घटक कमी वयात हजर होते, हे या फरकाचं बरंचसं कारण निघालं.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनो, इथे ४० ते ७४ वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी एनएचएस हेल्थ चेक मिळतो. भारतातून आलेल्या मित्रांची यावर ठरलेली तक्रार : 'अरे, साधा ईसीजीपण काढला नाही!' काढत नाहीत, कारण लक्षणं नसलेल्या माणसात त्यातून फारसं हाती लागत नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, तंबाखू, घराण्यातला इतिहास हे सगळं क्यूरिस्क नावाच्या गणितात घालतात. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याची टक्केवारी त्यातून निघते. १० टक्के किंवा जास्त आली तर स्टॅटिनबद्दल बोलणं सुरू होतं. त्यात 'भारतीय' हा वेगळा पर्याय आहे, आणि आईवडील-भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत हृदयविकार झाला का, हा प्रश्नही. मी काकांचे आकडे त्यात घालून बघितले. गणित इंग्लंडच्या लोकसंख्येवर बेतलेलं आहे, तासगावच्या नाही, तरी उत्तर २०च्या आसपास आलं. पाचात एक. मी 'मस्त काका' लिहिलं होतं.

आता एक खोच. या गणितात वयाचं वजन प्रचंड आहे. तुम्ही ३६ वर्षांचे असाल, एलडीएल १८० असेल, तरी दहा वर्षांचा धोका दोन-तीन टक्के दाखवेल आणि तुम्ही निवांत व्हाल. पण भिंतीतला थर तिशीतच साचत असतो, आणि किती वर्षं किती एलडीएल वाहिलं याचा हिशोब धमनी ठेवते. म्हणून कमी वयात टक्केवारीपेक्षा सुटे आकडे बघा. अमेरिकेतल्या वाचकांना : २०१८च्या तिथल्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हा 'धोका वाढवणारा घटक' म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. डॉक्टरांच्या लक्षात नसेल तर आठवण करून द्या, त्यात उद्धटपणा नाही. वजनाच्या बाबतीतही आपली पट्टी वेगळी : बीएमआय २५ नाही, २३लाच सावध व्हायचं. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८०. तुमच्यापैकी कोणाला गरोदरपणात मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास झाला असेल, तर बाळ झाल्यावर ती फाईल मिटवू नका. त्याने पुढे हृदयाचा धोका वाढतो, आणि हे विचारलं जातंच असं नाही.

आणखी एक तपासणी, आयुष्यात एकदाच पुरणारी : लायपोप्रोटीन-ए. हा जवळजवळ पूर्णपणे जनुकांनी ठरतो, पथ्याने हलत नाही, आणि साधारण पाचातल्या एका माणसात जास्त असतो. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो नसतो. घराण्यात कमी वयात कोणी 'अचानक गेलं' असेल तर मागून घ्या. जास्त निघाला तर बाकीचे आकडे अधिक कडकपणे खाली ठेवायचे, हा त्याचा आजचा उपयोग.

मग सीटी स्कॅन? एखाद्याला खरंच छातीत दुखत असेल तर त्याचा उपयोग मोठा आहे. स्कॉटलंडमधल्या 'स्कॉट-हार्ट' चाचणीत ४,१४६ रुग्ण होते. निम्म्यांची नेहमीची तपासणी, निम्म्यांची त्याच्या जोडीला सीटी अँजिओग्राफी. पाच वर्षांत अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू पहिल्या गटात ३.९ टक्के, सीटीच्या गटात २.३. मला यातली पुढची गोष्ट आवडते : पाच वर्षांअखेर स्टेंट आणि बायपासचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. फरक पडला तो मुख्यतः भिंतीतला थर डोळ्यांनी दिसल्यावर योग्य माणसांना गोळ्या सुरू झाल्या म्हणून. पण ही लक्षणं असलेल्यांची गोष्ट. काही त्रास नसताना दर वर्षी हौसेने सीटी करून घेणं म्हणजे फुकटचं रेडिएशन.

त्या रात्री

काकांनी साडेनऊला पिठलं-भाकरी खाल्ली. दहा वाजता छातीच्या मधोमध 'कसंतरीच' व्हायला लागलं. इनो घेतला. थोडं बरं वाटलं, किंवा वाटलंय असं त्यांनी काकूंना सांगितलं. बारा वाजता थंड दूध. एकला अंगणात फेऱ्या. साडेतीनला उलटी झाली, बनियन घामाने पिळून काढावा इतका भिजला, तेव्हा काकूंनी शेजाऱ्यांना उठवलं. सांगलीत पोचेपर्यंत साडेचार. काका मला नंतर म्हणाले, 'अगं, रिपोर्ट नॉर्मल होते ना, म्हणून वाटलं पित्तच असेल.'

ते साडेसहा तास त्या चौदा पानांनी आणि माझ्या दोन शब्दांनी खाल्ले. धमनी बंद झाल्यावर स्नायू अर्ध्या-पाऊण तासात मरायला लागतो आणि पुढे तासागणिक जास्त मरतो. पंपिंग ६०चं ४० झालं.

सिनेमात छाती पकडून कोसळतात, तसं फार कमी वेळा होतं. बहुतेकांना 'दुखत'ही नाही. दडपण येतं, आवळल्यासारखं होतं, कोणी छातीवर बसल्यासारखं वाटतं. ते डाव्या हातात, दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत, बेंबीच्या वर पोटातही जातं. सोबत थंड घाम, मळमळ, धाप, आणि विनाकारण 'आता काही खरं नाही' असं वाटणं. बोटाने दाखवता येणारी, दाबल्यावर दुखणारी, क्षणभर टोचून जाणारी कळ बहुधा हृदयाची नसते. चालताना किंवा जिना चढताना येणारं आणि थांबल्यावर पाच मिनिटांत जाणारं दडपण म्हणजे अँजायना असू शकतो. तो त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचा. तोच त्रास बसल्याजागी यायला लागला, किंवा वाढत चालला, तर वाट बघायची नाही.

बायकांना छातीत दुखत नाही, असं हल्ली पसरलंय, ते चूक आहे. बहुतेकींना दुखतं. पण सोबत धाप, मळमळ, जबड्यात-पाठीत दुखणं, कमालीचा थकवा हे जास्त असतं आणि गोष्ट त्यातच अडकते. लीड्स विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अटॅक आलेल्या बायकांचं पहिलं निदान चुकण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. त्यात आपल्या आया दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. मधुमेह असलेल्यांना तर कधीकधी नुसती धाप लागते, बाकी काही नाही.

असं पंधरा मिनिटांहून जास्त टिकलं, किंवा सोबत घाम-धाप असली, तर इनोचं पाकीट नाही, फोन हातात घ्यायचा. ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, युएईत ९९८, महाराष्ट्रात १०८. स्वतः गाडी चालवायची नाही. दार उघडून ठेवायचं, बसून राहायचं. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि घरात असेल तर ३०० मिलिग्रॅम चावून खायची. ती शोधायला उठून जिने चढायचे नाहीत. शेजाऱ्यांच्या खिशातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. ज्याला डॉक्टरांनी दिलेली नाही त्याने ती घेऊ नये, रक्तदाब आधीच कमी असेल किंवा व्हायग्रासारखी गोळी घेतलेली असेल तर तो आणखी कोसळतो. आणि हातातल्या घड्याळाला विचारू नका. ॲपल वॉचचा ईसीजी ठोक्यातली अनियमितता ओळखतो. हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही, आणि हे ते घड्याळ स्वतःच सांगतं.

परदेशात आईबाबा राहायला आलेले असताना दोन गोष्टी नडतात. पहिली भाषा. बाबा म्हणतात, 'छातीत गॅस धरलाय', आणि आपण फोनवर इंग्रजीत तसंच सांगतो. ऐकणाऱ्याला पोटाचा त्रास ऐकू येतो. 'गॅस' हे बाबांचं निदान आहे, लक्षण नाही. त्यांना विचारा : जड वाटतंय का, कुठे पसरतंय, घाम आलाय का, कधीपासून. तेवढंच सांगा. एनएचएसमध्ये दुभाषा मोफत मागता येतो. दुसरी गोष्ट पैसे. 'विमा आहे का, किती बिल येईल' या चर्चेत तास जातो. इंग्लंडमध्ये ए अँड ई विभागातली तपासणी पाहुण्यांनाही मोफत आहे, बिल दाखल केल्यावर सुरू होतं. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने इमर्जन्सी विभागाला पैसे न बघता तपासून स्थिर करावंच लागतं. नंतरचं बिल मोठं असू शकतं, म्हणून प्रवासविमा काढताना 'आधीपासूनचे आजार' हा भाग वाचा, पण तो विमानात बसायच्या आधी.

तिथे पोचल्यावर पहिला ईसीजी नॉर्मल आला तर 'चला घरी' म्हणू नका. अटॅक असूनही पहिला ईसीजी साफ असू शकतो. रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात, ते मरणाऱ्या स्नायूतून बाहेर पडतं आणि वाढायला वेळ लागतो. म्हणून काही तासांनी तेच रक्त परत घेतात. ती वाट बघणं हीच तपासणी आहे.

काकांची तंबाखू सुटली आहे, असं ते म्हणतात. काकू म्हणतात, अर्धी. दर रविवारी ते मला सकाळचे रक्तदाबाचे सात आकडे पाठवतात आणि मी ते एका तक्त्यात भरते. 'मस्त' लिहीत नाही, आकडा किती आणि किती हवा ते लिहिते. माझ्या चुलतभावाचं वय ३४. त्याचं लायपोप्रोटीन-ए बरंच जास्त निघालं. माझं रक्त गेल्या मंगळवारी दिलंय. जीपीच्या रिसेप्शनवर मी कारण सांगितलं, 'आजोबा ५४, काका ५८', आणि त्या बाईंनी पुढे काही विचारलं नाही.